वगळलेलं कलम

शर्मिष्ठा राजाध्यक्षला पक्ष्यांचं वेड लागलं ते पन्नाशीला, नवरा गेल्यावर. तोवर ती मुलुंडहून फोर्टला विमा कंपनीत जाणारी, रविवारी भाजी निवडताना पेपर वाचणारी एक नीटनेटकी बाई होती. मार्तंड गेल्यानंतरच्या हिवाळ्यात ऑफिसातल्या माधुरीने तिला बळेच खाडीवर नेलं, दुर्बीण डोळ्यांना लावायला दिली, आणि त्या दुर्बिणीत एक लांब गुलाबी पायांचा, काळ्या पंखांचा पक्षी उथळ पाण्यातून एकेक पाऊल मोजून टाकत चालत आला. शेकाट्या, असं माधुरीने सांगितलं. शर्मिष्ठा पुढच्या रविवारी एकटीच गेली. मग दर रविवारी.

ती जागा म्हणजे सातबांध. भांडुप आणि कांजूरमार्गच्या मधे, हायवेच्या पलीकडचं जुनं मिठागर. मीठ पिकवणं बंद होऊन वीसेक वर्षं झाली होती. सात बांध तेवढे उरले होते, त्यांच्या मधे घोटाभर पाणी, पलीकडे तिवरांची झाडी, मग गाळ आणि मग खाडी. हिवाळ्यात तिथे तुताऱ्या, चिखल्या, पाणटिवळे असे पाहुणे पक्षी हजारोंनी उतरत. आणि मार्च ते मे, सगळे पाहुणे परत गेले की, शेकाटे त्या बांधांवर जमिनीवरच घरटी करत. मूठभर काटक्या, चार मातकट अंडी. पाय पडला तरी कळू नये अशी.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी शर्मिष्ठा बांध सोडून गाळात उतरली आणि मांडीपर्यंत रुतली. पाय काढायला गेली तर दुसराही आत. आसपास कुणी नव्हतं. भरती लागायला लागली होती. तेवढ्यात तिवरांतून एक बाई आली, डोक्यावर टोपली, हातात कोयती, लुगडं वर खोचलेलं.

"हालू नको," ती ओरडली. "जेवरी हालशील तेवरी आत जाशील."

तिने तिवराची एक सुकी फांदी आडवी टाकली, शर्मिष्ठाला तिच्यावर पालथं पडायला लावलं आणि काखेत हात घालून ओढून काढलं. दोघी चिखलाने माखल्या होत्या.

"कशाला उतरलीस गं चिखलात?"

"पक्षी बघायला."

"मंग बांधावरून बग ना! चिखलात काय तुजा बाप बसलाय?"

शर्मिष्ठा हसायला लागली. मार्तंड गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती आणि मग ते थांबेचना. ती बाईही हसली. तिचं नाव सगुणा. कोळीवाड्यात राहायची. नवऱ्याची, चंदूची, छोटी होडी होती, पण खाडीत मासळी उरली नव्हती, तेव्हा घर चालायचं ते सगुणाच्या चिंबोऱ्यांवर, म्हणजे खेकड्यांवर, आणि चिखलातल्या निवट्या माशांवर. रोज ओहोटीला ती गाळात उतरायची आणि हाताने, कोयतीने जेवढं मिळेल तेवढं काढून कांजूरच्या बाजारात विकायची.

त्या दिवसापासून अकरा वर्षं शर्मिष्ठा सातबांधाला सगुणाच्या मागून चालली. कुठे गाळ घट्ट आहे, कुठे वरून सुका दिसून आतून फसवतो, भरती कुठल्या बाजूने आधी शिरते, सगळं सगुणाच्या पायांना ठाऊक होतं. शर्मिष्ठा मागोमाग पाय टाकायची आणि मोजायची. किती तुताऱ्या, किती चिखल्या, किती घरटी. घरी येऊन सगळं वहीत लिहायची. तारीख, वारा, भरतीची वेळ, पक्ष्याचं नाव, आकडा. तिचं अक्षर सुरेख होतं.

सगुणा शेकाट्याला टांगाळी म्हणायची. टांगाळीची तिला काळजी असे. मार्च लागला की जवळच्या कचऱ्याच्या डोंगराकडची कुत्री अंड्यांच्या वासाने बांधांवर यायची. सगुणा आणि वाड्यातल्या आणखी तिघी आळीपाळीने दोन्ही ओहोट्यांना जायच्या, पत्र्याचा डबा बडवून कुत्री हाकलायच्या, प्रत्येक घरट्याभोवती काटेरी फांद्या रोवायच्या.

"हे कुणी शिकवलं तुला?" शर्मिष्ठाने एकदा विचारलं.

"शिकवायला काय लागतंय? तिची पोरं, माजी चिंबोरी. दोघींचं पोट याच चिखलात हाय. तिचं घर मोडलं तर मना बरं वाटंल?"

चौथ्या वर्षी चंदू गेला. शर्मिष्ठा तेरा दिवस रोज संध्याकाळी मुलुंडहून रिक्षाने जाऊन सगुणाजवळ बसायची. पूर्वी नावाची तिची सून चहा आणून ठेवायची, तो तसाच गार व्हायचा. चौदाव्या दिवशी सगुणाने कोयती उचलली आणि म्हणाली, "चल. टांगाळीनं अंडी घातली असतील."

मग सातबांधावर बिल्डरांची नजर पडली.

आधी पेपरात चौकोनी बातमी आली, मिठागरांच्या जमिनी 'विकासासाठी खुल्या' करण्याची. मग मोजणीवाले आले, लाल खुणा केलेले खुंट ठोकून गेले. शर्मिष्ठाने तेव्हा नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. तिने सगळ्या वह्या काढल्या, आकड्यांचे तक्ते केले, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकले, हरकती नोंदवल्या. कार्यालयांच्या बाकांवर बसून तिने किती दुपारी घालवल्या याला गणती नाही. सहा वर्षं लागली. सातबांधावर इतक्या वर्षांची सलग नोंद दुसऱ्या कुणाकडेच नव्हती, म्हणून शेवटी सरकारला ती मानावी लागली. सातबांध राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करायचं ठरलं, मसुदा करायला समिती नेमली आणि स्थानिक अभ्यासक म्हणून शर्मिष्ठाला तिच्यात घेतलं.

मसुद्यातलं नववं कलम तिने स्वतः लिहिलं होतं. 'परंपरेने हाताने मासळी व चिंबोऱ्या गोळा करणाऱ्या कोळी कुटुंबांना या क्षेत्रात ये-जा करण्यास मुभा राहील.' लिहून झाल्यावर तिने ते सगुणाला वाचूनही दाखवलं होतं. सगुणाने पदराने हात पुसले आणि कागदावर, त्या ओळीवर, बोट ठेवून पाहिलं होतं.

शेवटच्या बैठकीत अध्यक्ष कारखानीस साहेबांनी चष्मा काढला. ते मुळात वाईट माणूस नव्हते. पक्ष्यांबद्दल त्यांना खरी आस्था होती.

"राजाध्यक्ष मॅडम, सगळं जमलंय. फक्त हे नववं कलम. हे राहिलं तर फाइल पुन्हा विधी खात्याकडे जाईल. परंपरेने म्हणजे कोण, किती कुटुंबं, पुरावा काय. सहा-आठ महिने गेलेच समजा. आणि तेवढ्या वेळात त्या जमिनीचं काय होईल, ते मी तुम्हाला सांगायला नको."

"पण त्या बायका—"

"त्यांना कोण हात लावतंय? क्षेत्र जाहीर झालं की व्यवस्थापन आराखडा करायचाच आहे. त्यात घालू. शब्द देतो."

टेबलाभोवती सगळे तिच्याकडे बघत होते. एसी फार गार होता. पर्समध्ये फोन होता. सगुणाला विचारायला दोन मिनिटं पुरली असती. पण शर्मिष्ठाच्या डोळ्यांसमोर ते लाल खुंट होते, बांधांवरून फिरणारा जेसीबी होता, चार मातकट अंडी होती. सहा महिने म्हणजे पुढचा हंगाम गेला.

"नक्की घालाल?"

"नक्की."

तिने सही केली.

फेब्रुवारीत अधिसूचना निघाली. शर्मिष्ठा पेढे घेऊन कोळीवाड्यात गेली. सगुणाने तिला मिठी मारली, तिच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला, सुनेला हाक मारून बोंबील तळायला सांगितले.

"म्हंजी आता बिल्डर नाय येनार?"

"नाही येणार. कुणीच नाही येणार."

"आनि आमी?"

तो क्षण शर्मिष्ठाला नंतर पुष्कळदा आठवला. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. सगुणा चिडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, मग दोघींनी मिळून काहीतरी केलं असतं. पण घरभर बोंबलांचा वास होता, पूर्वी हसत होती, आणि सगुणाचा चेहरा इतका उजळला होता.

"तुम्ही काय," शर्मिष्ठा म्हणाली, "तुम्ही आहातच."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जाळीचं कुंपण घातलं गेलं. फाटकावर कंत्राटी पहारेकरी आला. शिवदास नावाचा, पन्नाशीचा, कणकवलीकडचा माणूस. पाच दिवसांनी पूर्वीचा फोन आला.

"मावशी, आईंना पकडलंय. तुम्ही या ना लवकर."

शर्मिष्ठा पोचली तेव्हा सगुणा फाटकाजवळ जमिनीवर बसली होती. पायांवरचा चिखल सुकून फुटला होता. तिची टोपली आणि कोयती शिवदासच्या खुर्चीखाली होती, टोपलीत चार-पाच चिंबोऱ्या अजून हलत होत्या. शर्मिष्ठा यायच्या आधी वनखात्याच्या एका साहेबाने येऊन तिला टोपलीसकट उभं करून तिचा फोटो काढला होता आणि एका कागदावर तिचा अंगठा घेतला होता. राखीव क्षेत्रात बेकायदा प्रवेश, पहिली वेळ, समज देऊन सोडले.

"शिवदास, अहो या चोर नव्हेत," शर्मिष्ठा म्हणाली. "याच तर घरटी राखतात. द्या त्यांचं सामान."

शिवदास उठून उभा राहिला. त्यालाही अवघड झालं होतं. "मॅडम, माका काय कळता? वरसून सांगलां, मिया केलंय. तुमचो पास असा, तुमका सोडतंय. ह्येंका सोडलंय तर माझी नोकरी जातली." आणि त्याने अधिसूचनेची प्रत पुढे केली, जणू तीच त्याची साक्षीदार होती.

ती प्रत सगुणाने घेतली आणि पूर्वीकडे दिली. "वाच."

पूर्वीने वाचलं. सीमा, क्षेत्रफळ, मनाई. कुणालाही, कुठल्याही कारणासाठी, परवानगीशिवाय. मग शेवटी समितीच्या सदस्यांची नावं. चौथं नाव, शर्मिष्ठा राजाध्यक्ष, वाचताना पूर्वीचा आवाज खाली आला.

सगुणाने कागद परत हातात घेतला.

"तू मना वाचून दावलं होतंस," मग ती म्हणाली. "नऊ नंबर. मी त्येच्यावर बोट ठेवलं होतं."

"सगुणा, ते काढावं लागलं. नाहीतर सगळंच अडलं असतं. नंतर आराखड्यात घालणार आहेत, मला शब्द दिलाय त्यांनी—"

"मना इचारलं का नाय?"

शर्मिष्ठाचा हात पर्समधल्या फोनवर गेला.

"मी हो बोलली असती," सगुणा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "टांगाळीसाठी मी सा महिने उपाशी राहिली असती गं. पन इचारायचं होतं. पेढं घेऊन आलीस. माजे घरात बसून बोंबील खाल्लंस आनि बोललीस, तुमी हातच."

ती पूर्वीचा हात धरून उठली आणि चालायला लागली. टोपली तिने मागितली नाही. शर्मिष्ठा मागे गेली तेव्हा पूर्वीनेच मान हलवून तिला थांबवलं.

एप्रिलपासून शर्मिष्ठा एकटी सातबांधाला जायला लागली. तिच्याकडे संशोधनाचा पास होता, गळ्यात अडकवायचा, फोटो लावलेला. पण आत गेल्यावर पाय कुठे टाकायचा ते तिला कळत नव्हतं. अकरा वर्षं ती सगुणाच्या टाचांकडे बघून चालली होती, वाट तिने कधी बघितलीच नव्हती. ती पहिल्या दोन बांधांपुढे जाऊ शकली नाही. बाकीचं दुर्बिणीतून पाहिलं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी अडतीस घरटी मोजली.

पुढच्या रविवारी सव्वीस.

त्याच्या पुढच्या रविवारी तिने कुत्री पाहिली. नऊ होती. कुंपण खाडीच्या बाजूने नव्हतंच, तिथून ओहोटीला ती आरामात आत आली. आता डबा बडवणारं कुणी नव्हतं. शिवदास फाटकावरून काठी घेऊन धावला, शिट्टी फुंकली, पण तिसऱ्या बांधाशी तोही गाळात अडकला. शर्मिष्ठा ओरडत राहिली, घसा फुटेपर्यंत. कुत्र्यांनी मान वर करून एकदा पाहिलं आणि परत खाली घातली.

शेकाटे वर उडत होते. सगळे एकदम. त्यांच्या ओरडण्याला दम लागल्यासारखा एक ठोका असतो, कीक-कीक-कीक. ते कुत्र्यांच्या डोक्यापर्यंत झेपावत होते, लांब पाय मागे लोंबत होते. काही माद्या बांधावर उतरून पंख मोडल्याचं सोंग करत लंगडत होत्या, शत्रूला आपल्या मागे न्यायला. कुत्री फसली नाहीत. तासाभराने पाणी चढलं तेव्हा ती निघून गेली. पक्षी मात्र अंधारेपर्यंत त्याच जागेवर घिरट्या घालत होते. एक मादी रिकाम्या खळग्यावर जाऊन बसली. पोटाखाली काही नसताना ती अंग हलवून नीट बसली, चोचीने एक काटकी जवळ ओढली.

शिवदास चिखलाने भरलेले पाय घेऊन शर्मिष्ठाशेजारी उभा होता. "ती बाई असती तर," तो म्हणाला आणि काठीने पायांवरचा चिखल खरवडू लागला.

मे महिन्याच्या शेवटी शर्मिष्ठाने वहीत तारीख, वारा, भरतीची वेळ लिहिली आणि शेकाट्याच्या घरट्यांपुढे शून्य लिहिलं.

तिने नववं कलम परत घालावं म्हणून अर्ज केला. कारखानीस साहेबांनी सुनावणी लावली. शब्द दिला होता हे ते नाकबूल करत नव्हते, फक्त म्हणाले, "फाइलवर पुरावा लागेल. त्या बायकांमुळे घरटी टिकत होती, हे दाखवा. तुमच्या वह्या आहेतच की."

शर्मिष्ठाने जेवणाच्या टेबलावर अकराही वह्या मांडल्या. सकाळी सुरू केलं. पहिली वही, दुसरी, तिसरी. तुताऱ्या, चिखल्या, पाणटिवळे. ईशान्य वारा. भरती नऊ वाजून चाळीस. काटेरी कुंपण केलेली घरटी एकोणीस. कुणी केलं, ते नाही. कुत्री हुसकावली. कुणी हुसकावली, ते नाही. दुपार उलटली. ती पानं उलटत राहिली, आधी शोधत, मग घाबरून, पुन्हा पहिल्यापासून. अकरा वर्षांत सगुणाचं नाव एकदाही आलं नव्हतं. सातव्या वहीत एका ठिकाणी होतं, 'स्थानिक बाईंच्या मदतीने चौथ्या बांधापर्यंत पोचले.' बस्स.

तिने पेन हातात घेतलं. समासात जागा होती. सगुणा, सगुणा, सगुणा, असं कुठेही लिहिता आलं असतं, कुणाला कळलं नसतं. मग पेन ठेवून टेबलावर डोकं टेकून रडली.

तिने पूर्वीला फोन केला. "आईंना म्हणावं, सुनावणीला या. माझ्यासाठी नको."

सगुणा आली. पूर्वीबरोबर, हिरवं कडक लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. शर्मिष्ठाशेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर बसली.

"आपण कोणत्या पक्ष्याचं रक्षण करायचात?" कारखानीसांनी आदराने विचारलं.

"टांगाळीचं."

टंकलेखक थांबला. "काय लिहू सर?"

"शेकाट्या," शर्मिष्ठा म्हणाली. "शेकाट्याला टांगाळी म्हणतात त्या."

"बरं. किती घरटी असायची, काही आठवतं?"

सगुणाने डोळे मिटले. "ही बाय पयल्यांदा आली त्या साली एकेचाळीस. दुसरे साली सत्तेचाळीस. माजा मालक गेला त्या साली बावन. त्येच्या पुढं पावसानं अंडी गेली, एकुनतीसच राहिली. लाल खुंट ठोकलं त्या साली चवसष्ट. तेवरी परत कवा नाय झाली."

शर्मिष्ठाने समोरचा तक्ता पाहिला. एकेचाळीस. सत्तेचाळीस. बावन्न. एकोणतीस. चौसष्ट. एकही आकडा चुकला नव्हता. तिने वह्या भरल्या होत्या आणि सगुणाने काहीच न लिहिता सगळं जपलं होतं. ती उठून उभी राहिली, तक्ता कारखानीसांपुढे ठेवला. "बघा. बघा ना, तंतोतंत आहे."

समितीतला एक तरुण सदस्य तक्त्यावरून नजर फिरवत म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. पण हे आकडे तुमच्याच अहवालात छापलेले आहेत. त्यांना कुणीतरी सांगितले असतील, असंही म्हणता येईल."

"मना कोन सांगनार?" सगुणा म्हणाली. "मीच तिला दावत होती."

टंकलेखकाने हे वाक्य लिहिलं की नाही, कुणास ठाऊक.

तीन आठवड्यांनी आदेश आला. मागणीची नोंद घेण्यात आली आहे. व्यवस्थापन आराखडा तयार करताना तिचा यथोचित विचार करण्यात येईल. तोपर्यंत मनाई कायम. शर्मिष्ठा तो कागद घेऊन कोळीवाड्यात गेली, तर सगुणा तिथे नव्हती.

"आई मनोरीला गेल्या, रेवतीताईंकडे," पूर्वीने सांगितलं. रेवती म्हणजे सगुणाची मुलगी. "इथे बसवेना त्यांना. रोज ओहोटीच्या वेळी उठून दारात उभ्या राहायच्या. मी म्हटलं, जा. तिकडची खाडी तरी मोकळी आहे."

शर्मिष्ठाने महिनाभर मनाशी घोळ घातला. मग एका सकाळी मुलुंडहून मालाडला, तिथून मार्व्याला गेली आणि बोटीने पलीकडे उतरली. रेवतीचं घर विचारत गेली तर शेजारणीने खाडीकडे बोट दाखवलं.

ओहोटी होती. गाळात पाच-सहा बायका वाकून शिंपल्यांतली कालवं काढत होत्या, भरभर, आपसात बोलत. सगुणा त्यांच्यापासून दूर, अगदी काठाला होती. हातात काठी होती. काठी पुढे टोचायची, दाबून बघायची, मग एक पाऊल टाकायची. पुन्हा टोचायची. शर्मिष्ठाने तिला असं चालताना कधी पाहिलं नव्हतं. टोपलीत मूठभर कालवं होती.

सगुणाने तिला पाहिलं. ती काठावर आली आणि दगडावर बसली. शर्मिष्ठाही बसली, थोडं अंतर ठेवून.

"आदेश आला," शर्मिष्ठा म्हणाली. "नाही म्हणालेत. म्हणजे आत्ता नाही."

"मना ठाव होतं."

"मी पुन्हा अर्ज करतेय. वर जाणार आहे. वह्यांचं मी लेखी कबूल केलंय, की चूक माझी आहे, नाव लिहायला हवं होतं. मी सोडणार नाही सगुणा."

सगुणा समोरच्या गाळाकडे बघत होती. "इथला चिखल मना वळखत नाय," ती म्हणाली. "चालीस वर्सं चालली तिथं, डोले झाकून चालली असती. इथं ह्या पोरी बोलतात, आजी, काठावरच राहा, रुताल." ती किंचित हसली आणि ते हसू तिथेच संपलं. "त्या दिवशी खरंच रुतली. रेवतीनं काढली."

शर्मिष्ठाने तिच्या हातावर हात ठेवला. सगुणाने तो झटकला नाही. पण थोड्या वेळाने आपला हात हळूच काढून घेतला आणि कालवांवरचा चिखल धुवायला लागली.

"टांगाळी किती वाचली?"

"एकही नाही."

सगुणाचे हात थांबले. तिने मान खाली घातली. खांदे हलायला लागले. ती तोंडात पदर कोंबून रडत होती, पोटातून, आवाज न करता. शर्मिष्ठा नुसती बघत राहिली. पाठीवर हात ठेवायचा हक्क आपल्याला उरलाय की नाही, ते तिला ठरवता येईना.

"तू जा आता," शेवटी सगुणा म्हणाली. "अर्ज कर, काय करायचं ते कर, टांगाळीसाठी कर. पन इथं येऊ नको. तुना पायलं की मना सगलं आठवतं."

"बरं."

"पानी भरतंय. बोट चुकंल."

शर्मिष्ठा उठली. वळून पाहिलं तेव्हा सगुणा टोपली घेऊन घराकडे चालली होती, एका हाताने गुडघा दाबत. बाकीच्या बायका अजून गाळात होत्या.

त्याला आता दोन वर्षं होत आली. आराखडा अजून मसुद्यातच आहे. शर्मिष्ठा दर तीन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवते, आणि पोच आली की ती फाइलला लावते. गेल्या उन्हाळ्यात सातबांधावर शेकाट्यांनी घरटीच केली नाहीत. दोन-चार जोड्या मार्चमध्ये आल्या, आठवडाभर बांधांवरून उडत राहिल्या आणि उत्तरेकडे निघून गेल्या. शिवदासने ते फोन करून कळवलं. शर्मिष्ठाने वहीत लिहिलं, आणि खाली, कुणी सांगितलं त्याचं नावही लिहिलं.